एक बिऱ्हाड, दोन नेमणुका

मराठी मध्यमवर्गाच्या परदेशगमनाची गोष्ट बहुतेक घरांत एकाच चालीने घडली. नोकरी एकाला मिळाली आणि दुसरं माणूस मागून गेलं. जाणारा बहुधा नवरा, मागून जाणारी बहुधा बायको. अमेरिकेत त्याला एच-१बी व्हिसा आणि तिला एच-४. या दुसऱ्या व्हिसावर नोकरी करायला मुळात मनाईच होती. २०१५पासून ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा ओलांडलेल्यांच्या जोडीदारांना तेवढी परवानगी मिळू लागली. तोवर कॉलेजातली प्राध्यापकी, बँकेतली अधिकाऱ्याची जागा किंवा चालता दवाखाना सोडून गेलेल्या कितीतरी बायकांची उमेदीची वर्षं घरात बसून गेली. त्यांनी काय सोडलं याचा हिशेब कुणी मांडला नाही, कारण घरात येणाऱ्या डॉलरांत तो झाकून गेला.

म्हणूनच परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायला निघालेल्या जोडप्याबद्दल मला विशेष आस्था वाटते. इथे दोघांना नेमणूक असते, दोघांना वर्ग असतो, दोघांना पगार असतो. स्थलांतराच्या इतक्या तऱ्हा आपण पाहिल्या, पण एकाच गावात, एकाच दिवशी नवरा-बायको दोघं कामावर रुजू होतात अशी तऱ्हा विरळाच. दोघांना काम मिळणं हीच या जाण्याची खरी कमाई आहे, आणि ती आपोआप टिकत नाही. जोडीने निघालेल्यांनी एकेकट्याने उभं राहण्याची तजवीज निघण्याआधीच करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

शाळांना जोडपी का हवी असतात, हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय शाळेची कल्पना शंभर वर्षांची आहे. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी जिनिव्हात १९२४ साली अशी शाळा निघाली. त्याच वर्षी योकोहामातही एक निघाली. आईवडिलांच्या बदल्यांमुळे देशोदेशी फिरणाऱ्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळावा, या गरजेतून पुढे १९६८ साली जिनिव्हातच इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट म्हणजे आयबी उभं राहिलं. आज बँकॉक, दुबई, शांघाय, हो चि मिन्ह सिटी अशा शहरांत या शाळांचं जाळं आहे, आणि अनेक ठिकाणी वर्गातली बरीचशी मुलं त्याच देशातल्या सधन घरांतली असतात. मुलं स्थानिक झाली, तरी शिक्षक मोठ्या संख्येने बाहेरूनच येतात. त्यांना राहायला घर किंवा घरभाडं, वर्षाचं विमानाचं भाडं, आरोग्यविमा आणि मुलांची फी माफ, असं सगळं शाळा देते.

या खर्चाच्या वहीत जोडपं फार सोयीचं बसतं. दोन एकटे शिक्षक आणले तर घरं दोन लागतात; जोडपं आणलं तर दोन शिक्षक एका घरात मावतात. घर लागलेली माणसं लवकर हलतही नाहीत, आणि दोन-दोन वर्षांच्या करारांवर चालणाऱ्या शाळेला याची किंमत पुरेपूर ठाऊक असते. या व्यवसायात ‘टीचिंग कपल’ हा शब्द जाहिरातींपासून मुलाखतींपर्यंत सर्रास चालतो. ज्या जोडप्यातलं एकच माणूस शिकवतं आणि मागे तीन मुलं आहेत, त्यांचा अर्ज बहुतेक शाळांना जड जातो.

आपल्याकडेही शिक्षक जोडप्याचा विचार होतो, पण वेगळ्या बाजूने. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असा स्वतंत्र संवर्ग आहे. दोघांच्या शाळांमधलं अंतर तीस किलोमीटरहून जास्त असेल, तर त्यांना जवळ आणण्यासाठी बदली मागता येते. एकीकडे ती चंदगडला आणि तो शाहूवाडीला, मूल आजीकडे, अशा संसारांना या तरतुदीने केवढा आधार दिला हे शिक्षकांच्या घरांत विचारावं. त्यातली खरी बाब मात्र पुढेच आहे. एकत्र आल्यावरही दोघांची सेवापुस्तकं वेगळी राहतात. तिची ज्येष्ठता तिची, त्याची वेतनवाढ त्याची. उद्या त्याच्यावर कारवाई झाली तर तिच्या नोकरीला धक्का लागत नाही. सरकार संसार जवळ आणतं, पण नोकऱ्या एकमेकींत गुंतवत नाही. परदेशातल्या शाळेत नेमकं याच्या उलट घडू शकतं.

ही गुंतागुंत विमानात बसण्याच्या कितीतरी आधी, कागदपत्रांच्या फायलीतच सुरू होते. दोघांच्या पदव्या आधी विद्यापीठाकडून, मग राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यायच्या. जो देश अपॉस्टिल मानत नाही, त्याच्या वकिलातीचा शिक्का वेगळा. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स. त्याची फाईल पातळ असते. दहावीच्या गुणपत्रिकेपासून बी.एड.च्या पदवीपर्यंत एकच नाव चालत आलेलं असतं. तिची फाईल जाड. दहावी, बारावी, बी.एस्सी., बी.एड. सगळं माहेरच्या नावाने, वडिलांचं नाव मध्ये. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मध्ये नवऱ्याचं नाव. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. परदेशातल्या कारकुनाला या दोन निरनिराळ्या बायका वाटतात. मग विवाह नोंदणीचा दाखला काढा, त्यावरही तेच सगळे शिक्के घ्या, नावबदलाचं राजपत्र लावा. प्रत्येक खिडकीवर तिला आधी ती कुणाची बायको आहे हे सिद्ध करावं लागतं आणि त्यानंतर ती काय शिकलेली आहे हे. हे जोखड तिच्यावर शाळेने टाकलेलं नाही, ते आपल्या रिवाजाने टाकलं आहे. लग्नानंतर नाव न बदलण्याचा आग्रह धरणाऱ्या मुलींना आपण हट्टी म्हणत आलो. कागदांची ही फाईल एकदा हातात घेऊन पाहिली, तर त्यांचं म्हणणं किती व्यवहाराचं होतं हे कळतं.

पुढची गाठ नेमणुकीत बसते. एकाच शाळेत, एकाच वर्षी, दोघांच्या विषयांच्या दोन जागा रिकाम्या असणं हा योग दुर्मीळ. बहुधा एकाच्या विषयाची जागा निघते आणि दुसऱ्याला ‘बसवून’ घेतलं जातं. तो भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख होतो; कनिष्ठ महाविद्यालयात वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलेली ती मात्र प्राथमिक वर्गात साहाय्यक शिक्षिका होते. एखाद्या देशात ती त्याच्या व्हिसावर आश्रित म्हणून आलेली असते. तशा वेळी काही शाळा तिला ‘लोकल हायर’ म्हणजे तिथेच मिळालेली शिक्षिका मानतात आणि परदेशातून आणलेल्या शिक्षकाच्या सवलती तिला लागू करत नाहीत. त्यात पारपत्राचा रंग मिसळतो. समान पदवी आणि समान अनुभव असूनही ब्रिटिश किंवा अमेरिकी पारपत्रवाल्याला एक वेतनश्रेणी आणि भारतीयाला दुसरी, हा प्रकार काही देशांत उघडपणे चालतो. जगाचे नागरिक घडवण्याची भाषा बोलणाऱ्या संस्थेने आपल्याच शिक्षकांत अशी प्रतवारी लावणं मला अन्यायाचं वाटतं, आणि तसं स्पष्ट म्हटलं पाहिजे.

तरीही लोक जातात, आणि जाणाऱ्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. महाराष्ट्रात शिक्षणसेवकाला तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. ते मानधन २०२३ साली वाढलं, तेव्हा प्राथमिकला सोळा हजार, माध्यमिकला अठरा हजार आणि उच्च माध्यमिकला वीस हजार रुपये झालं. त्याआधी ते अनुक्रमे सहा, आठ आणि नऊ हजार होतं. तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांची स्थिती तर याहून बिकट. अशा शिक्षकाने चांगल्या पगारासाठी समुद्र ओलांडला, तर तो देशाशी किंवा आपल्या वर्गातल्या मुलांशी बेइमान झाला असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरतो का? शिक्षकाला ताठ मानेने जगता येईल एवढं देण्याची जबाबदारी आधी समाजाची आहे. ती पार पाडल्याशिवाय त्यागाचे धडे देऊ नयेत.

तिथे पोचल्यावर दोघांचं आयुष्य एका मालकाच्या हाती जातं. घर शाळेचं, व्हिसा शाळेचा, विमा शाळेचा, मुलाचा वर्ग शाळेतला, शेजारीही शाळेतलेच सहकारी. साहजिकच, एकाचं मुख्याध्यापकाशी बिनसलं तर चौघांच्या डोक्यावरचं छप्पर हलतं. ऑगस्टला वर्ष सुरू होतं न होतं, तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुढच्या वर्षी राहणार की जाणार हे विचारलं जातं, कारण जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत नव्या नेमणुका उरकायच्या असतात. तिला आणखी दोन वर्षं राहावंसं वाटतं, त्याला परत जावंसं वाटतं. शाळेला मात्र उत्तर एकच हवं असतं. स्टाफरूममधली कुरबूर जेवणाच्या ताटावर येते, कारण दोघांचं ऑफिस एकच. इकडे असताना आई, बहीण, शेजारीण, जुना मित्र असे दहा जण मिळून जे ओझं उचलत, ते सगळं तिथे एकट्या जोडीदारावर पडतं. चांगले संसारही या भाराने दमतात.

मुलांचं काय, हा प्रश्न त्याहून मोठा. रूथ युसीम या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकी कुटुंबांचा अभ्यास केला होता. त्यातून ‘थर्ड कल्चर किड्स’ ही संकल्पना पुढे आली : आईवडिलांची संस्कृती एक, राहत्या देशाची दुसरी, आणि या दोन्हींच्या सांध्यावर वाढणाऱ्या मुलांची तिसरी. ही मुलं भाषा भराभर शिकतात, कुणाशीही जुळवून घेतात, पण दर जूनमध्ये कुणाला तरी निरोप देतात. शिक्षकाच्या मुलाला तर शाळा सुटल्यावरही शाळेतून सुटका नसते. आई शेजारच्या वर्गात, बाबा वरच्या मजल्यावर. त्याची मराठी घरापुरती उरते आणि घरातही दोघं दमून आलेले असतात. आयबीच्या पदविकेत शाळेत शिक्षक नसलेल्या मातृभाषेचं साहित्यही शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यासण्याची सोय आहे. शिक्षक असलेल्या आईवडिलांनी तरी अशा सोयींची चौकशी पहिल्याच वर्षी करावी. भाषा सुटली की आजी-आजोबांशी बोलणं ‘जेवलास का’ एवढ्यावर येतं, आणि ते नुकसान कुठल्याही पगारात भरून निघत नाही.

मग जाऊ नये का? अवश्य जावं. वेगवेगळ्या देशांतल्या मुलांसमोर उभं राहिल्यावर शिक्षकाला आपलं शिकवणं मुळापासून तपासावं लागतं, आणि ते शिकणं आयुष्यभर पुरतं. शिवाय या जाण्यात एक अशी गोष्ट मिळते जी आपल्या घरांत क्वचितच मिळाली. नवरा आपल्या बायकोला काम करताना पाहतो. ती वर्ग कसा हातात घेते, अवघड पालकाला कसं शांत करते, सहकारी तिचा सल्ला कसा विचारतात, हे तो रोज पाहतो. मोलकरीण नाही, सासूबाई नाहीत, दोघं एकाच वेळी घरी परततात. तेव्हा कुकर कुणी लावायचा हा प्रश्नही नव्याने सोडवावा लागतो. ज्या घरांत तो प्रामाणिकपणे सुटतो, तिथे परदेशाने दिलेली ही सर्वांत मोठी देणगी असते.

पण त्यासाठी काही गोष्टी जाण्याआधी ठरल्या पाहिजेत. करार दोन हवेत, दोघांच्या नावाने वेगळे, पद आणि वेतनश्रेणी स्पष्ट लिहिलेले. शक्य असेल तिथे व्हिसाही स्वतःच्या नोकरीवर घ्यावा. एकाची नोकरी गेली तर घर आणि मुलाची फी यांचं काय होणार, हे लेखी विचारावं. खाती दोन असावीत. आणि दोघांनी आपसात बोलून घ्यावं : पहिल्या करारात एकाला मनासारखी जागा मिळाली असेल, तर दुसरी शाळा निवडताना पहिली पसंती दुसऱ्याची. हे बोलणं परस्परांवरच्या अविश्वासातून येत नाही. ज्या दोघांना एकमेकांच्या कामाचा मान आहे, तेच ते निर्धास्तपणे करू शकतात.

अशा संसाराचं यश मी एकाच कसोटीवर मोजीन. दोन-चार वर्षांनी परत येताना किंवा तिसऱ्या देशात जाताना दोघांपैकी प्रत्येकाने एकट्याने अर्ज केला, तर प्रत्येकाला स्वतःच्या कामाच्या जोरावर शिक्षक म्हणून नेमणूक मिळते का? मिळत असेल, तर त्या शाळेने दोन शिक्षक नेमले होते. मिळत नसेल, तर तिने एक शिक्षक नेमला होता आणि दुसऱ्याला सोबत म्हणून ठेवलं होतं. सोबतीला गेलेल्या माणसांची एक अख्खी पिढी आपण पाहिली आहे. शिकवण्यासाठी घर सोडणाऱ्यांनी तरी ती गोष्ट पुन्हा घडू देऊ नये.