शेवटच्या रांगेपर्यंत

नव्या नाट्यगृहाची बातमी आली की खुर्च्या किती, वातानुकूलन कसे, खर्च किती कोटी, एवढेच वाचायला मिळते. तिथे आवाज कसा लागतो, हे कोणी लिहीत नाही. आमच्या हुपरीत घरोघरी चांदीचे काम चालते. पैंजणाची झळाळी डोळ्यांना कळते, पण घुंगरू वाजवूनच पारखावे लागते. नाट्यगृहाचीही पारख अशीच करायला हवी, आणि कोल्हापुरात आता ती वेळ आली आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ज्यांचे नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली बांधायला घेतलेली ही वास्तू १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून खुली झाली. तिच्या शेजारीच कुस्तीचे खासबाग मैदान. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि तिथून या मैदानाची कल्पना घेतली. चढत्या बैठकीमुळे लांबच्या माणसालाही डाव दिसतो. कुस्ती सर्वांना दिसावी म्हणून एक वास्तू, गाणे सर्वांना ऐकू यावे म्हणून दुसरी. शेवटच्या रांगेतल्या माणसाचा हक्क पहिल्या रांगेइतकाच, हा विचार मला दोन्हींत दिसतो.

तेव्हा माइक नव्हता. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' हे संगीत नाटक झाले, त्यात धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते. ते गाणे प्रेक्षकांपर्यंत पोहोचले ते गळ्याच्या आणि इमारतीच्या बळावर.

इमारतीचे हे बळ मोजता येते. हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजत नसे. १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते सुधारण्याचे काम आले. रात्रीच्या शांततेत, शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून, आवाज विरायला किती वेळ लागतो हे तो मोजत बसे. दालन जितके मोठे तितका आवाज जास्त घुमतो. गाद्या, पडदे, माणसांचे कपडे तो शोषून घेतात. या हिशेबावर उभारलेला बोस्टनचा सिंफनी हॉल १९०० साली खुला झाला, आणि आजही तो जगातल्या उत्तम सभागृहांत गणला जातो. म्हणजे जाड गादीची खुर्ची, नवे छत, भिंतीवरचा गालिचा यांतली प्रत्येक गोष्ट गाणे बदलते. संगीत नाटकाचे गणित तर आणखी अवघड. आवाज फार घुमला तर संवाद कालवतात, लगेच विरला तर तान कोरडी पडते.

व्हेनिसचे ला फेनिचे हे ऑपेरागृह १९९६ साली जळाले. 'जसे होते तसे, जिथे होते तिथे' हा निर्धार करून ते पुन्हा बांधले आणि डिसेंबर २००३ मध्ये उघडले. जुन्या आतल्या रूपासाठी दिग्दर्शक व्हिस्कोंतीच्या १९५४ च्या चित्रपटातली दृश्येसुद्धा तपासली गेली. कोल्हापूरकरांकडे तर याहून जवळचा पुरावा आहे. या रंगमंचावर आयुष्य घालवलेले नट, गायक आणि तबलजी आजही गावात आहेत. त्यांना विचारून पुनर्बांधणीचे काम व्हावे.

महापालिकेला एकच विनंती आहे. उद्घाटनाच्या फिती कापण्याआधी एका संध्याकाळी माइक बंद ठेवा, सगळ्या खुर्च्या माणसांनी भरा, एका गायकाला नुसत्या तानपुऱ्यावर गायला सांगा. अभियंत्यांना शेवटच्या रांगेत बसवा, आणि शब्द नीट ऐकू आले असे त्या रांगेने सांगितल्यावरच ठेकेदाराचे शेवटचे बिल मंजूर करा.