आटोपल्यावरचा मुक्काम

१९९२ साली शहाद्यात मी हिशेबाच्या कॉम्प्युटरवर बसायचो. नंदुरबार जिल्हा व्हायला अजून सहा वर्षं होती. आमचा पत्ता धुळे जिल्ह्याचाच. मशीनवर डॉस. ६४० केबी मेमरी, तीत डॉस, खतावणीचा प्रोग्राम आणि कोपऱ्यात मी लिहिलेला कॅल्क्युलेटर. तो ‘टीएसआर’ जातीचा: आपलं आटोपून डॉसला ताबा परत देणारा, पण मेमरीतून न उठणारा. ठरलेली कळ दाबली की हजर.

माझा हा मुक्कामी ९ केबी अडवायचा आणि खतावणी ‘मेमरी अपुरी’ म्हणून उघडायचीच नाही. मग कापाकापी. सुरुवातीला एकदाच लागणारा कोड शेवटी नेऊन ठेवला, म्हणजे मुक्काम ठोकताना तेवढा सोडून देता येतो. डॉस प्रत्येक प्रोग्रामला पाथ वगैरेंची एक प्रत देतं. ती परत केली. चौकट काढण्याआधी मी अख्खा पडदा जपून ठेवायचो, ४,००० बाइट. चौकट होती २० रकाने, ६ ओळींची! २४० बाइटांत भागलं. शेवटी २ केबीच्या आत आलो. साहेबांना खतावणी उघडली एवढंच कळलं.

आटोपल्यावरही मुक्काम का, हा प्रश्न वेदान्तातही आहे. जीवन्मुक्ताचं शरीर ज्ञानानंतरही का टिकतं, यावर शंकराचार्य कुंभाराच्या चाकाचा दाखला देतात: आधीच्या वेगानं ते काही काळ फिरत राहतं. दृष्टांत चोख, पण मला पुरत नाही. चाकाला हाक ऐकू येत नाही.

आमची आई प्रकाशा गावी. वडील गेल्यावर तिनं कोठीची किल्ली वहिनीला दिली, मोठी खोली सोडली, पडवीत बाज टाकली. सामान म्हणजे एक ट्रंक. कुणाच्या कारभारात बोलायची नाही. उन्हाळ्यात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा बिघडला की वहिनी हाक मारायची. आई उठायची, बोटावर घेऊन चाखायची, दोन शब्द सांगायची आणि परत बाजेवर. वहिनीचा हात थांबला होता तिथूनच पुढे चालायचा. चांगल्या टीएसआरनं प्रोसेसरची रजिस्टरं अशीच ठेवायची असतात, जशी होती तशी.

आता मी निवृत्त, मुलाच्या घरी. नातीच्या अभ्यासाच्या टेबलाची जागा माझ्या खोक्यांनी अडवलीय. कुणी बोलत नाही. काल दोन खोकी रद्दीत दिली. तिसऱ्यात त्या कॅल्क्युलेटरचा छापील कोड निघाला. ते खोकं मी पलंगाखाली सरकवलं.