पाटीवरचे वर्ष

अमेरिकेत जुन्या पिकअप ट्रकांची प्रदर्शने भरतात. प्रत्येक गाडीपुढे पाटी असते : शेव्हरोले, 1950. जाणकार मात्र आधी गाडी पाहतो. 1947 साली आलेल्या या घडणीच्या गाड्यांना सुरुवातीला फिरवायची मूठ होती. दाबायच्या बटणाची मूठ आली 1952 मध्ये. पुढची काच 1953 पर्यंत दोन तुकड्यांची, 1954 पासून अखंड.

पण दरवाजे बदलता येतात. 1950च्या सांगाड्याला 1952चे दरवाजे बसवले, तर वर्ष कोणते लिहावे? जुनी वस्तू जगवायची तर सुटे भाग बदलावेच लागतात, त्यात गुन्हा काहीच नाही. पाटीवर 'दरवाजे नंतरचे' एवढे लिहिले तरी इमान राहते. ते लपवले की खोटेपणा सुरू होतो.

मी शिक्षक आहे, त्यामुळे हा प्रश्न मला परका वाटत नाही. आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात पानोपानी एकच जन्मतारीख आढळते : 1 जून. घरी जन्माची नोंद नसे. मास्तरांनी मुलाकडे पाहून वर्ष ठरवले आणि दाखला दिला. नियत साफ होती. नाहीतर पोरे शाळेबाहेरच राहिली असती. पण 'अंदाजे' हा शब्द कोणी लिहिला नाही. पुढे नोकरी आणि निवृत्तीही त्याच तारखेने ठरली.

गाडीची पाटी चुकली तर दरवाजाची मूठ साक्ष देते. माणसाच्या बाबतीत कागदच साक्षीदार होतो. म्हणून रजिस्टर उघडताना मला वाटते, ही लेखणी आपल्याकडे अमानत आहे.