पुढची तारीख

वसुबारसेच्या आधीचा गुरुवार होता. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांची ओपीडी फक्त गुरुवारी असते. इतर दिवशी त्याच खोलीत बाळांना डोस देतात, म्हणून भिंतीवर लसीकरणाचा तक्ता. मामांचा नंबर एकतिसावा होता. बाहेरच्या बाकावर एक म्हातारी सुनेच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. तिच्या पलीकडे कॉलेजातला एक मुलगा, कुणी ओळखू नये म्हणून तोंडाला रुमाल बांधलेला.

आमचा नंबर आला. समुपदेशक ताईंनी केसपेपर पुढे ओढला आणि आधी कॅलेंडर पाहिलं. "काका, पुढच्या गुरुवारी लक्ष्मीपूजन, ओपीडी बंद. तेव्हा या वेळी तीन आठवड्यांच्या गोळ्या देते. कारखान्याचा बोनस झाला का?"

"उद्या होईल."

"तो यंदा काकूंच्या हातात द्या. आणि भाऊबीजेला मेव्हणे येतात ना, बाटली घेऊन? त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कुठे असणार, ते आत्ताच ठरवू."

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ताईकडे जाईन. ओवाळून घेईन आणि तिथंच मुक्काम करीन." ताई म्हणजे माझी आई. समुपदेशक ताईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. कोपऱ्यात पुढची तारीख घातली, तिच्याखाली दोन रेघा मारल्या आणि विचारलं, "गाडी किती वाजता आहे?"

हे सगळं दहा मिनिटांत झालं. त्यात मेंदूचा फोटो नव्हता, इंजेक्शन नव्हतं, खाट नव्हती. पण या दहा मिनिटांत जो उपचार झाला, तोच मनाच्या आणि व्यसनाच्या आजारातला सगळ्यात मोलाचा उपचार आहे, असं मामांबरोबरच्या सहा वर्षांच्या फेऱ्यांनंतर मी खात्रीने म्हणते.

●

आपल्याकडे या आजारांचं नाव निघालं, की पहिला प्रश्न येतो, 'कुठे ठेवलंय?' ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही गावांची नावं राहिलीच नाहीत, शिव्या झाल्या. व्यसनाच्या बाबतीतही तेच. 'एकदा टाका केंद्रात, महिनाभराने सुधारून येईल.' माणूस म्हणजे जणू दुरुस्तीला दिलेली मोटार.

भरती करावी लागते, हे खरं आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होतात, क्वचित जीवही जातो. आत्महत्येचा विचार पक्का झालेल्याला एकटं सोडता येत नाही. अशा वेळी खाट हवीच. पण खाटेवरचे दिवस संपतात आणि माणूस परत येतो तो त्याच गल्लीत, त्याच कर्जात, त्याच मित्रांत. तिथे दारूचं दुकान कोपऱ्यावर असतं. सासूचे टोमणे तेच असतात. आजार ज्या घरात वाढला, त्याच घरात त्याला उतरावं लागतं. म्हणून खरी लढाई डिस्चार्जच्या दिवशी सुरू होते.

पुण्याच्या 'मुक्तांगण'ने हे फार लवकर ओळखलं. २९ ऑगस्ट १९८६ला पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ते केंद्र सुरू झालं. तिथे भरती आहेच, पण गावोगावचे पाठपुराव्याचे गटही आहेत, पत्नींसाठी 'सहचरी' आहे. घरी गेलेला माणूस पुन्हा पुन्हा यावा, हीच त्यामागची धडपड.

●

औषधांचं वेळापत्रकही हेच सांगतं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड, झोपेची गुंगी मात्र पहिल्या चार दिवसांतच सुरू होते. म्हणजे त्रास आधी आणि आराम मागाहून. या मधल्या पंधरवड्यातच निम्मं घर म्हणू लागतं, 'बंद कर ती गोळी, सवय लागेल.' तेव्हा 'आणखी आठ दिवस थांबा, मळमळ जाईल' असं सांगणारं ओळखीचं माणूस हवं असतं. लिथियम घेणाऱ्याचं रक्त ठरावीक काळाने तपासावं लागतं. दारूवर प्रतिक्रिया आणणारी गोळी तर रुग्णाला पूर्ण समजावून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. अनेक घरांत ती वरणात कालवून चोरून दिली जाते. वर दारू प्यायली, तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. बायको हे सगळं प्रेमापोटी करते. तिला कुणी समोर बसवून समजावलेलं नसतं, एवढंच.

औषधाच्या खिडकीवरचे भाऊ गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीने कापतात आणि कागदी पाकिटावर पेनाने सूर्य किंवा चंद्र काढतात. सूर्य म्हणजे सकाळची, चंद्र म्हणजे रात्रीची. मामींना लिहिता-वाचता येत नाही, पण सहा वर्षांत एकही गोळी उलटसुलट झालेली नाही.

●

आमची पहिली फेरी मात्र या खिडकीपर्यंत पोचलीच नव्हती. मामांना घेऊन आम्ही आधी एका व्यसनमुक्ती केंद्रात गेलो होतो. 'रात्र रात्र झोपत नाहीत, मरणाचं बोलतात,' असं मामींनी सांगितलं. उत्तर मिळालं, 'हे मानसिकचं आहे, आधी तिकडे दाखवा.' तिकडे गेलो, तर म्हणाले, 'पिऊन आलेल्या माणसाला आम्ही तपासत नाही. आधी दारू सोडून या.' दोन्हीकडची माणसं वाईट नव्हती, आपापला नियम पाळत होती. पण मामा झोप लागावी म्हणून पीत होते आणि प्यायल्यामुळे पहाटे तीनला घाबरून उठत होते. त्यांचा आजार एकच होता, दारं तेवढी दोन होती.

ही दोन दारं वरपासून आहेत. व्यसनमुक्तीची बहुतेक अनुदानित केंद्रं सामाजिक न्याय खात्याकडे आणि मनाचे आजार आरोग्य खात्याकडे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था धरल्या. कायद्याला एक माणूस दिसतो, कचेऱ्यांना दोन फायली दिसतात. वस्तीजवळच्या ओपीडीचा पहिला फायदा हाच, की तिथे एका टेबलावर, एका केसपेपरवर दोन्ही गोष्टी येतात. मामांना त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, "आधी काय गेलं काका, झोप की दारूवरचा ताबा?" मामा तिथेच रडले होते.

याच कायद्यात आणखी एक गोष्ट लिहिली आहे आणि ती दवाखान्यांच्या भिंतीवर लावावी अशी आहे. मानसिक आजार असलेल्या माणसाला उपचारासाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या राहत्या ठिकाणाजवळ मिळावी. किमान सेवा जिल्ह्यात सरकारने दिली नाही, तर त्या जिल्ह्यात इतरत्र घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसावा. हा कायदा मे २०१८मध्ये लागू झाला. आता एसटीत बाईमाणसाला निम्मं तिकीट आहे, पण बुडालेली मजुरी निम्मी होत नाही, आणि ती एका फेरीत दोघांची बुडते, आजाऱ्याची आणि सोबत आलेल्याची. जिल्ह्याच्या गावी महिन्यातून दोनदा जायचं, तर चौथ्या फेरीपर्यंत घर थकतं. 'पेशंट उपचार सोडतात' असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्यांनी उपचार सोडलेला नसतो, प्रवास सोडलेला असतो.

●

मग एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? देशात लाख लोकसंख्येमागे साधारण ०.७५, म्हणजे एकाहूनही कमी मनोविकारतज्ज्ञ आहेत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की दारूचा आजार असलेल्या शंभरातल्या ८६ जणांपर्यंत उपचार पोचलेलाच नव्हता. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत तर दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं दिसलं. सगळा भार तज्ज्ञांवर टाकला, तर हा हिशेब जुळणारच नाही.

याचं उत्तर शेजारच्या गोव्यात सापडलं. १९९६ साली तिथे सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने स्थानिक, मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. घातक पद्धतीने पिणाऱ्या पुरुषांशी त्यांनी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलायचं. कधी पितोस, कशाने सुटतं, नाही कसं म्हणशील. तीन महिन्यांनी अलीकडचे पंधरा दिवस दारू न घेतलेल्यांचं प्रमाण या गटात ४२ टक्के होतं. फक्त नेहमीच्या उपचाराच्या गटात ते १८ टक्के. तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका होत्या. माणसाने जे जे करणं थांबवलंय, ते थोडं थोडं पुन्हा सुरू करायला लावायचं. तिथे ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्या गटात ३९ टक्के. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

आणि विदर्भात? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायचं, लागेल त्याला समुपदेशकाकडे आणि पुढे डॉक्टरकडे पोचवायचं. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जणांनी मदत घेतली होती. कार्यक्रमानंतर हे प्रमाण २७वर गेलं. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या ज्या मातीतून येतात, तिथेच हे घडलं. 'गावाकडचे लोक मनाचं बोलत नाहीत' हा आपला समज त्या गावांनी मोडून काढला.

●

मला यात नवल वाटत नाही, कारण महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलं आहे. कुष्ठरोग्याला गावाबाहेर ठेवायचं, हाच एके काळी धर्म होता. १९५१ साली वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन सुरू झालं आणि कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधू लागले, घरच्यांना समजावू लागले, गावातच गोळी देऊ लागले. पाहणी, शिक्षण, उपचार. पुढे बहुऔषधोपचार आला आणि आजार बरा होऊ लागला. पण ती गोळी वेळेवर पोटात जायला आधी दारापर्यंत चालत येणारी माणसं होती. क्षयरोगाच्या बाबतीतही गोळ्या न्यायला न आलेल्याच्या घरी माणूस जातो. मग मनाच्या आजाराच्या रुग्णाच्या घरी का जाऊ नये?

कागदावर यंत्रणा आहे. १९८२चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या प्रयोगावरून १९९६मध्ये निघालेला जिल्हा कार्यक्रम आहे. २०२२पासून टेलिमानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे. अडतं ते पुढच्या तारखेपाशी. गोळ्या संपलेल्या असतात, समुपदेशकाची जागा महिनोन्महिने रिकामी असते आणि न आलेल्याला शोधणं हे कुणाचंच काम नसतं. अहवालात 'तपासलेले रुग्ण' असा रकाना असतो. 'न आलेले रुग्ण' असा रकाना मी अजून कुठल्या अहवालात पाहिलेला नाही.

●

मामा दोन वर्षांपूर्वी घसरले. मुलीचं लग्न मोडलं आणि आठ महिने ते ओपीडीकडे फिरकले नाहीत. घरात आम्ही सगळे चिडलो होतो. मी स्वतः त्यांच्याशी दोन महिने बोलले नाही. मग एका गुरुवारी मामीच त्यांना घेऊन गेल्या, मी सोबत होते. मामा खाली मान घालून उभे. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आलात, बरं झालं. बसा." मग त्यांनी स्वतःचं रजिस्टर काढलं. ते सरकारने दिलेलं नव्हतं, दोनशे पानी वही होती, रेघा पट्टीने आखलेल्या. मामांच्या नावापुढे आठ चौकोन होते आणि प्रत्येकात काहीतरी लिहिलेलं होतं. 'फोन केला, उचलला नाही.' 'काकूंशी बोलले.' 'आशाताईंना घरी पाठवलं, शेतात होते.' 'पुन्हा फोन.'

आम्ही घरच्यांनी ज्या महिन्यांत मामांना सोडून दिलं होतं, त्या महिन्यांतही त्या वहीत त्यांची ओळ चालू होती. मामांनी ते चौकोन बोट फिरवत वाचले. त्या दिवसानंतर त्यांनी एकही तारीख चुकवलेली नाही. ते पुन्हा घसरणारच नाहीत, असं मी म्हणणार नाही. घसरले तरी परत कुठे जायचं, हे त्यांना आता माहीत आहे.

ती वही एका बाईच्या चांगुलपणावर चालते आणि तिची बदली झाली की बंद पडेल. माझं मागणं एवढंच आहे, की ती वही सरकारी व्हावी. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात मनाची आणि व्यसनाची ओपीडी एकाच टेबलावर असावी, गोळ्या कधी संपू नयेत आणि न आलेल्याच्या घरी जाणारं, त्यासाठी पगार मिळणारं एक माणूस असावं. आपल्या आमदारांना, जिल्हा परिषदेच्या सदस्यांना आपण विचारतो, किती खाटांचं रुग्णालय मंजूर केलं? यापुढे हेही विचारू या: गेल्या महिन्यात तारखेला कोण आलं नाही आणि त्यांच्या घरी कोण गेलं?

मामांची पुढची तारीख तुळशीच्या लग्नानंतरच्या गुरुवारची आहे. त्यांनी ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर स्वतःच्या हाताने मांडली आहे, खाली दोन रेघा मारून.