गोंदियातली शरणागती आणि मताचा गुन्हा

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी गोंदिया जिल्हा पोलिसांपुढे ११ माओवाद्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यांच्यात महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विशेष विभागीय समितीचा प्रवक्ता होता. ‘अनंत’ या नावाने त्याची पत्रके निघत. आदल्या काही दिवसांत त्याच नावाने तीन राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना उद्देशून पत्रे आली होती आणि त्यांत हत्यारे टाकण्यासाठी मुदत मागितली होती. त्याआधी ऑक्टोबरमध्ये गडचिरोलीत माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शरण आला होता. गोंदियाच्या सालेकसा आणि देवरी तालुक्यांतली जी गावे तीन दशके दलमच्या (माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीच्या) आणि पोलिसांच्या पावलांचा आवाज ऐकत आली, त्यांच्यासाठी या बातम्यांचा अर्थ मुंबईतल्या वाचकाला कळतो त्याहून फार मोठा आहे. पण त्याच वर्षी, त्याच सरकारने आणखी एक गोष्ट केली. १० जुलैला विधानसभेत आणि ११ जुलैला विधान परिषदेत महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संमत करून घेतले. सरकारच्या मते आत्मसमर्पण आणि जनसुरक्षा हे एकाच मोहिमेचे दोन हात आहेत. माझे म्हणणे असे की हे दोन हात माणसाविषयीच्या दोन परस्परविरोधी समजुतींवर उभे आहेत आणि त्यांपैकी एकच खरी असू शकते.

महाराष्ट्रात २००५ पासून आत्मसमर्पण योजना आहे. शरण येणाऱ्याला रोख रक्कम, घर, रोजगारासाठी मदत, आणि मुख्य म्हणजे पुन्हा गावात राहण्याची वाट मिळते. या योजनेच्या मुळाशी एक मोठे नैतिक गृहीतक आहे, ते बहुधा ती राबवणाऱ्यांच्याही लक्षात येत नसावे. माणूस त्याच्या विचारसरणीपेक्षा मोठा असतो. वीस वर्षे एखादे मत हातात बंदूक घेऊन जगलेला माणूसही ते मत सोडू शकतो. आणि मत मनात राहिले तरी बंदूक सोडू शकतो. शरण आलेल्याला सरकार ‘मार्क्सवर तुझा विश्वास उरला आहे का’ असे विचारत नाही. शस्त्र ठेव, संविधानाच्या चौकटीत ये, एवढेच मागते. म्हणजे राज्यसंस्था येथे कृती आणि मत यांत स्पष्ट भेद करते. जनसुरक्षा विधेयक नेमका हाच भेद पुसते. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचे सदस्य असणे, तिच्या बैठकीला जाणे, तिला वर्गणी देणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. सदस्य नसताना मदत केली तरी दोन वर्षे. आणि बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत प्रस्थापित कायद्याची व त्याच्या संस्थांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तिचा उपदेश करणे हेही येते, मग ते बोललेल्या शब्दाने असो, लिहिलेल्या असो वा खुणेने. येथे माणूस विचारसरणीपेक्षा लहान होतो आणि त्याने काय केले यापेक्षा तो कोणाच्या सभेत बसला हे महत्त्वाचे ठरते.

चुकलेल्याला कोंडायचे की परत घ्यायचे, हा प्रश्न गोंदियाच्या मातीत नवा नाही. दरेकसाजवळ कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून गोंड समाजाचे लाखो भाविक येतात. गोंडी परंपरेत या गुहेची कथा वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितली जाते, पण गाभा असा: काली कंकालीची तेहतीस मुले अनावर झाली, उच्छाद मांडू लागली, तेव्हा त्यांना शिक्षा म्हणून या गुहेत कोंडून तोंडावर प्रचंड शिळा लावली गेली. आईचा आकांत कोणाला ऐकवेना. जंगो रायताड आणि पहांदी पारी कुपार लिंगो यांनी त्यांना सोडवायचे ठरवले. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी हे तंतुवाद्य वाजवले, त्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगात बळ आले, त्यांनी शिळा ढकलली, आणि त्याच शिळेखाली वाजवणारा चिरडला गेला. बाहेर आलेल्या मुलांना लिंगोने शिकवले, त्यांची सगा-गोत्रे लावून दिली आणि कोया पूनेम या गोंडी धर्माचा मार्ग सांगितला. या कथेत मुले निर्दोष नाहीत. त्यांनी उपद्रव केला होता, हे कथा लपवत नाही. त्यांना सोडवण्याची किंमत एका निरपराध माणसाने प्राणांनी मोजली, हेही लपवत नाही. तरीही समाजाची स्थापना कोठून झाली असे ती सांगते? कोंडण्यातून नव्हे, बाहेर काढून शिकवण्यातून. एक पूर्ण धर्ममार्ग आपल्या आरंभी हे ठेवतो, याला मी लोककथेची गंमत मानत नाही. दंडाविषयीचा तो गंभीर विचार आहे.

यावर पहिला आणि सर्वांत जड आक्षेप मारल्या गेलेल्यांच्या घरून येतो. ज्याने गोळी झाडली त्याला घर आणि पैसा, मग ज्याला खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेले त्याच्या बायकोला काय? अनंतच्या शरणागतीला नऊच दिवस उरले असताना, १९ नोव्हेंबरला, याच तीन राज्यांच्या सीमेवरच्या जंगलात मध्य प्रदेशच्या हॉक फोर्सचे निरीक्षक आशिष शर्मा चकमकीत मारले गेले. त्यांच्या आईवडिलांना माणूस विचारसरणीपेक्षा मोठा असतो हे कोणत्या तोंडाने सांगायचे? या आक्षेपाला बौद्ध परंपरेने फार पूर्वी उत्तर दिले आहे, आणि ते सोपे नाही. माणसे मारणाऱ्या दरोडेखोर अंगुलिमालाला पकडायला प्रसेनजित राजा घोडेस्वार घेऊन निघाला, तेव्हा बुद्धाने त्याला विचारले की तोच माणूस मुंडन करून, हिंसा सोडून भिक्षू झालेला दिसला तर काय करशील? राजाने शस्त्र उचलले नाही. कथा बहुतेकदा येथे थांबवली जाते, पण तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. श्रावस्तीत भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर लोकांनी ढेकळे, काठ्या, खडे फेकले. फुटलेले डोके, मोडलेले पात्र आणि फाटलेले चीवर घेऊन तो परतला. बुद्धाने त्या लोकांना क्षमा करा असे सांगितले नाही. अंगुलिमालाला मात्र सांगितले की हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, सोस.

राजाने तलवार म्यान करणे आणि पीडितांनी क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली करून दुसरी आपोआप होत नाही, एवढे या कथेतून घ्यावे. शासनाचे आत्मसमर्पण धोरण म्हणजे क्षमा नव्हे; पीडितांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणत्याही मंत्र्याला नाही. ते फक्त आणखी माणसे मरू नयेत म्हणून केलेला व्यवहार आहे, आणि तेवढ्यापुरता तो योग्य आहे. त्यात आज एक उणीव मोठी आहे. शरण आलेला माणूस पोलिसांना दलमची माहिती देतो, शस्त्रसाठे दाखवतो. पण खबऱ्या म्हणून ज्यांना मारले त्यांच्या घरच्यांना, तुमचा माणूस का आणि कोणाच्या हुकमावरून मारला, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. ते असायला हवे. घर आणि अनुदान मिळण्यापूर्वी हे सत्य त्याने गावापुढे मांडले पाहिजे. सोसण्याचा वाटा त्याच्याकडे असलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप सरकारचा आहे आणि तोही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंदूक एकटी चालत नाही, तिच्यामागे पैसा, औषधे, निरोप, नवी भरती आणि तिला नैतिक वजन देणारी शहरातली मंडळी असतात. याच तीन राज्यांच्या विभागाचा प्रमुख मिलिंद तेलतुंबडे नोव्हेंबर २०२१ मध्ये गडचिरोलीच्या मर्दिनटोला चकमकीत मारला गेला. तो मूळचा विदर्भातल्या कोळसा पट्ट्यातला, कामगार चळवळीतून जंगलात गेलेला. म्हणजे चळवळ ते जंगल ही वाट खरी आहे. मान्य. पण पैसा पुरवणे ही कृती आहे, शस्त्र पोचवणे ही कृती आहे, कट करणे ही कृती आहे, आणि यूएपीएसारखा कडक केंद्रीय कायदा त्या प्रत्येक कृतीला शिक्षा सांगतो. पुरावा असेल तर त्याच्या पलीकडे काही लागत नाही. नवा कायदा ज्या जागेसाठी लागतो ती जागा म्हणजे पुरावा नसलेला संशय. त्याच कोळसा पट्ट्यातल्या कामगार संघटनांतून हजारो माणसे गेली. त्यांनी संप केले, घोषणा दिल्या, निवृत्त झाली, नातवंडे खेळवली. एक जंगलात गेला म्हणून उरलेल्यांच्या सभेची नोंद गुन्ह्यात करायची, हा कोणता न्याय?

संशयावर चाललेल्या खटल्याचे काय होते याचा दाखला शोधायला गोंदियाबाहेर जावे लागत नाही. ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक सुधीर ढवळे यांना जानेवारी २०११ मध्ये वर्ध्याहून, आंबेडकरी साहित्य संमेलनातून परतताना, गोंदिया पोलिसांनी अटक केली. देशद्रोह आणि यूएपीएची कलमे लावली. सुमारे ४० महिने ते तुरुंगात राहिले, आणि मे २०१४ मध्ये गोंदियाच्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्यांना २०१८ मध्ये एल्गार परिषद प्रकरणात पुन्हा अटक झाली. जानेवारी २०२५ मध्ये जामीन मिळाला तोवर साडेसहा वर्षे उलटून गेली होती आणि खटला उभा राहिला नव्हता. ढवळे यांची मते मला पटतात की नाही हा मुद्दाच नाही. प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांना माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून गडचिरोलीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये जन्मठेप दिली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्याच खटल्यातला एक आदिवासी तरुण अपिलाच्या निकालाची वाट पाहत कैदेतच मेला होता. शेजारच्या छत्तीसगडने २००५ मध्ये असाच जनसुरक्षा कायदा केला आणि त्याखाली नागरी हक्क कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांना तुरुंगात डांबले. त्यांना सर्वोच्च न्यायालयातून २०११ मध्ये जामीन मिळाला. त्या कायद्याने बस्तरमधली हिंसा थांबली नाही. त्यानंतरची पंधरा वर्षे तेथे माणसे मरतच राहिली.

विधेयकाच्या समर्थनार्थ असेही सांगितले जाते की चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने त्यातली धार काढली. ‘व्यक्ती’ हा उल्लेख गेला, कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांपुरता कायदा मर्यादित झाला, सल्लागार मंडळावर न्यायिक अनुभवाची माणसे आली. या सुधारणा खऱ्या आहेत आणि त्यांचे श्रेय समितीला दिले पाहिजे. (विरोधी पक्षांना मात्र देता येत नाही. त्यांचे ज्येष्ठ नेते समितीत बसले, भिन्नमतपत्रिका दिली नाही, विधानसभेत माकपचे विनोद निकोले वगळता विरोधाला कोणी उभे राहिले नाही, आणि परिषदेतून सभात्याग करून मग बाहेर सभा घेतल्या. विवेकाचा आवाज सभागृहात काढायचा असतो.) पण अवज्ञेच्या उपदेशाचे काय? जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल कायदा मोडला. ही प्रस्थापित कायद्याची उघड अवज्ञा होती, आणि आज आपण तिचा गौरव करतो. पुढे ज्या आदिवासींना मोहफूल आणि तेंदूपत्ता गोळा केल्याबद्दल वनरक्षकाने दंड केला, त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला असे संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेतच लिहून ठेवले. देवरी तालुक्यातल्या ज्या ग्रामसभा आज स्वतःचा तेंदूपत्ता विकतात, त्यांच्या मागे कायदा चुकीचा आहे असे वर्षानुवर्षे सांगणारी माणसे आहेत. ती माणसे तेव्हा या व्याख्येत बसली असती.

राहिला शेवटचा आक्षेप: कठोर धोरणाला यश आले आहे, आता कुरकुर कशाला? यश आले आहे हे मी मनापासून मानतो. पोलिसांच्या सी-६० पथकाच्या जवानांनी, दुर्गम भागातल्या सशस्त्र दूरक्षेत्रांनी, पुढे पोचलेल्या रस्त्यांनी आणि शाळांनी दलमचा कणा मोडला; पोलिसी दबाव नसता तर शरणागतीची पत्रे लिहिली गेली नसती. पण तो कणा जनसुरक्षा विधेयकाने मोडलेला नाही. ते संमत होण्याआधीच दलम खिळखिळे झाले होते. शत्रू हरत असताना, केंद्राने ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपवण्याची तारीख जाहीर केलेली असताना, मतांवर पहारा ठेवणारा नवा कायदा कोणासाठी लागतो, याचे उत्तर सरकारने अजून दिलेले नाही. डॉ. आंबेडकरांनी मार्क्सची तुलना बुद्धाशी केली तेव्हा मार्क्सचे म्हणणे नीट मांडून, त्याच्या ध्येयातले जे घेण्यासारखे ते घेऊन, हिंसा आणि हुकूमशाही ही साधने त्यांनी नाकारली. १९५४ मध्ये ज्या भंडाऱ्यातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि हरले, त्या भंडारा जिल्ह्यातच तेव्हा गोंदिया होते. मताला मताने उत्तर द्यायची ही रीत या भागाला परकी नाही.

गोंदिया जिल्ह्यातून विधानसभेवर चार आमदार जातात. येत्या अधिवेशनात त्यांनी पक्ष बाजूला ठेवून दोन दुरुस्त्या मागाव्यात: अवज्ञेचा उपदेश हा भाग व्याख्येतून काढावा, आणि हिंसक कृतीशी थेट संबंध सिद्ध झाल्याशिवाय केवळ सदस्यत्वासाठी कोणाला शिक्षा होऊ नये. शस्त्र टाकलेल्या ११ जणांना ज्या उदारपणाने परत घेतले, त्याच उदारपणाचा हक्क ज्यांनी शस्त्र कधी उचललेच नाही त्यांनाही आहे.