भिंतीतला खवटपणा

मे महिन्यात जळगावात तेलाच्या डब्याचे झाकण उघडे राहिले, तर ते किती दिवस उघडे होते हे नाकच सांगते. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की शेंगदाणे, खोबरे, तेल सगळ्याला एकच वास येऊ लागतो आणि आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे: खवट. तेलाच्या रेणूंमध्ये जिथे दुहेरी बंध असतात तिथे हवेतला ऑक्सिजन शिरतो. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि तुटलेल्या तुकड्यांतून तो उग्र वास सुटतो.

धुळ्याच्या मामांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मात्र घरात वेगळाच शब्द फिरत होता: नळी. ‘नळीमा चरबी जमी गयी,’ असे ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. डॉक्टरांनी ती साफ केली, विषय संपला. सहा महिन्यांनी त्यांनी गोळ्या बंद केल्या. साफ झालेल्या नळीला औषध कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यांच्या चित्रात तो बिनतोड होता. चूक प्रश्नात नव्हती, चित्रात होती. अँजिओप्लास्टीत बसवलेला स्टेंट काहीही साफ करत नाही. तो रोगट थर भिंतीकडे दाबून रक्ताला वाट करून देतो. भिंत आहे तशीच राहते.

नळी नव्हे, भिंत, ही गोष्ट वैद्यकात ठामपणे मांडली गेली ती 1850च्या दशकात, आणि नंतर तिचा जवळजवळ विसर पडला. बर्लिनच्या रुडॉल्फ विरखोव यांनी रोगट धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की हे वरून साचलेले नाही, हा भिंतीच्या आतला दाह आहे. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कींचे मत उलटे होते: रक्तातले घटक आतल्या बाजूला थरासारखे बसतात. पुढे 1882मध्ये मेचनिकोव यांनी सिसिलीत तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती गोळा होऊन परके ते गिळणाऱ्या पेशी पाहिल्या. या भक्षक पेशींचा धमनीशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

1913मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले, तेही सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून. सशांच्या धमन्यांत पिवळट पट्टे उमटले, आणि त्या पट्ट्यांत चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या, फेसासारख्या दिसणाऱ्या पेशी सापडल्या. जगाने त्या प्रयोगातून कोलेस्टेरॉल तेवढे उचलले. फेसाळ पेशी चित्रात होत्या, पण पुढची कित्येक दशके त्यांच्याकडे कोणी नीट पाहिले नाही. मला या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते. पुरावा समोर होता, पण नळीचे चित्र इतके सोपे होते की पेशीला त्यात जागाच उरली नाही.

कोडे उभे राहिले 1970च्या दशकात. डॅलसचे मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी रक्तातले एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पेशीत घेणारे रिसेप्टर शोधले. काही कुटुंबांत जन्मतःच हे रिसेप्टर निकामी असतात. अशा मुलांना शाळेच्या वयातही हृदयविकाराचा झटका येतो. आता गंमत पाहा: एलडीएल आत घेण्याचे दारच ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या धमन्यांतल्या भक्षक पेशी, म्हणजे अनिच्कोव यांना दिसलेल्या त्याच फेसाळ पेशी, मात्र एलडीएलच्या कोलेस्टेरॉलने ओसंडत होत्या. ते आत शिरले कुठून?

दोघांनी भक्षक पेशींना ताजे एलडीएल दिले. त्यांनी फारसे घेतले नाही. मग रासायनिक प्रक्रियेने बदललेले एलडीएल दिले आणि 1979मध्ये उत्तर छापून आले: बदललेला माल या पेशी एका वेगळ्याच दाराने अधाशासारख्या आत घेतात. साध्या पेशीचे पोट भरले की ती आपले दार आवरते. हे दुसरे दार मिटतच नाही. कारण ते पोषणासाठी नाहीच, कचरा उचलण्यासाठी आहे. सफाई करणाऱ्याला कचरा पुरे झाला असे म्हणता येत नाही.

पण प्रयोगशाळेत केलेला तो बदल शरीरात घडतो तरी कुठे? सॅन डिएगोत डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने एलडीएल धमनीच्या अस्तराच्या पेशींसोबत रात्रभर बशीत ठेवले. सकाळी ते बदललेले होते आणि भक्षक पेशी ते भराभर गिळत होत्या. 1984पर्यंत उलगडा झाला की हे ऑक्सिडीकरण आहे. म्हणजे आपल्या शब्दात, ते खवट झाले होते. बशीत ई जीवनसत्त्व टाकले की बिघाड थांबत होता. रक्तातून भिंतीत शिरलेला एलडीएलचा कण तिथे अडकतो, बिघडतो. तो बिघडलेला पाहून अस्तर धोक्याची हाक देते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत येतात, भक्षक बनतात, गिळत राहतात आणि शेवटी त्या ओझ्याने तिथेच मरतात. मेलेल्या पेशींचा लगदा हाच पुढच्या धोक्याचा गाभा. साफ करायला आलेलेच राडा होऊन बसतात.

इतकी सुंदर कल्पना हाती आली की माणसे घाई करतात. 1987मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मार्क जेकबसन यांनी लिहिले की भारतीय तुपात कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकृत प्रकार बरेच सापडतात आणि परदेशातल्या भारतीयांच्या हृदयविकाराचे कारण कदाचित तेच असेल. त्याआधी वीस वर्षे, 1967मध्ये, पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी दहा लाखांहून अधिक रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाहून उलटेच मांडले होते: तूप खाणाऱ्या पंजाबपेक्षा बीजतेल वापरणाऱ्या दक्षिणेत या रोगाचे मृत्यू सुमारे सातपट. जळगाव-सुरत मार्ग याच पश्चिम रेल्वेचा, म्हणून मला हा अभ्यास जवळचा वाटतो. तरीही प्रांताची प्रांताशी केलेली तुलना ही माणसाच्या ताटातली गोष्ट ठरत नाही, आणि डब्यातल्या तुपाचे विश्लेषण ही धमनीतली गोष्ट ठरत नाही. दोन्ही निष्कर्ष आजही व्हॉट्सअॅपवर एकमेकांना मारायला वापरले जातात.

खरा धक्का गोळ्यांनी दिला. खवटपणा थांबवायचा तर ई जीवनसत्त्व द्या, हे तर्काला धरून होते. 2000 साली ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजारांवर रुग्णांमध्ये ते साडेचार वर्षे तपासले गेले, उपयोग शून्य. 2002मध्ये ब्रिटनमधल्या वीस हजारांवर लोकांच्या चाचणीत ई, सी आणि बीटा-कॅरोटीन एकत्र दिले, तेही वाया. त्याच चाचणीत, त्याच लोकांमध्ये, एलडीएल उतरवणाऱ्या स्टॅटिनने मात्र झटके आणि पक्षाघात सुमारे चौथ्या हिश्शाने कमी केले. बशीतला बिघाड आणि जिवंत भिंतीतला बिघाड एक नव्हता. भिंतीत पेशींची स्वतःची विकरेही बिघडवण्याचे काम करतात, जीवनसत्त्व हव्या त्या जागी हव्या त्या वेळी पोचेलच असे नाही. पण खवट व्हायला मालच कमी पोचला, तर फरक पडतो.

म्हणूनच भजीच्या गाड्यावरची काळी पडलेली कढई आणि मामांची धमनी यांच्यात सरळ रेघ ओढायला मी तयार नाही. पुन्हापुन्हा तापवलेले तेल वाईटच. 2018च्या जुलैपासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यातल्या ध्रुवीय घटकांवर 25 टक्क्यांची मर्यादा घातली ती योग्यच आहे. पण ताजे घाण्याचे तेल खाल्ले म्हणून भिंतीतला बिघाड थांबत नाही. शेवभाजीवरचा तवंग काढून टाकणारे आणि गोळी टाळणारे लोक मी धुळ्यात पुष्कळ पाहिले आहेत.

2010मध्ये आणखी एक कडी जुळली. गिळलेल्या कोलेस्टेरॉलचे भक्षक पेशीत स्फटिक होतात, ते पेशीची पचनाची पिशवी फाडतात आणि दाहाची घंटा वाजते. मग दाहच शमवला तर? 2017च्या ‘कँटोस’ चाचणीत दहा हजार रुग्णांवर हेच तपासले गेले. एलडीएल जराही न उतरवता, मधल्या मात्रेच्या गटात झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले. पण जीवघेण्या संसर्गांची संख्या वाढली. विरखोव दीडशे वर्षांनी खरे ठरले, किंमत मोजून. 2020मध्ये गाउट या संधिवाताचे जुने औषध कोल्चिसिन रोज अर्धा मिलिग्रॅम देऊन 31 टक्के घट दिसली. 2024च्या मोठ्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच दिले तेव्हा, काहीच दिसली नाही. हे कोल्चिसिन आपल्या कळलावीतही असते, पावसाळ्यात रानात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलते त्या वेलीत. तिचा कंद जीव घेतो, त्यामुळे इथे घरगुती प्रयोगाला जागा नाही.

मामांना मी यातले फार थोडे सांगितले. नळीचे चित्र पुसून दुसरे द्यायला हवे होते, म्हणून म्हटले, ‘मामा, चरबी नळीत नाही, भिंतीच्या आत गेली आणि तिथे खवट झाली. जे साफ करायला गेले ते तिथेच अडकून मेले.’ मामांचे आयुष्य शेंगांच्या व्यापारात गेलेले. खवट लागलेले पोते काय करते हे त्यांना सांगावे लागत नाही. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, ‘मग गोळी भिंतीत जाऊन काय करते?’

‘नवा माल कमी पाठवते.’

‘आणि जुना?’

जुना थोडा आटतो, त्याच्यावरचे कवच घट्ट होते, सगळा जात नाही, असे मी खरे ते सांगितले. त्यांनी मामीला हाक मारून बंद केलेल्या गोळ्यांचे पाकीट शोधायला सांगितले.