परग्रहांचे रंग आणि प्रामाणिकपणाचा प्रश्न

नेपच्यून हा ग्रह गर्द निळा आहे, ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकांत, दिनदर्शिकांवर आणि मुलांच्या खोलीतील तक्त्यांवर इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याविषयी शंका घेण्याचे कारणच उरले नव्हते. ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर २ हे यान त्या ग्रहाजवळून गेले आणि त्याने पाठविलेल्या चित्रांतला निळा गोल पुढे नेपच्यूनची ओळखच होऊन बसला. जानेवारी २०२४ मध्ये ऑक्सफर्ड येथील पॅट्रिक आयर्विन आणि त्यांचे सहकारी यांनी हबल दुर्बीण व चिलीतील एक मोठी दुर्बीण यांनी टिपलेल्या वर्णपटांच्या आधारे दाखवून दिले की, युरेनस आणि नेपच्यून हे दोघेही जवळजवळ एकाच फिकट हिरवट-निळ्या छटेचे आहेत. नेपच्यून किंचित अधिक निळा, इतकेच. ढगांचे अंधुक पट्टे दिसावेत म्हणून १९८९ च्या चित्रांतील रंगभेद मुद्दाम वाढविलेला होता. तो वाढविणाऱ्या शास्त्रज्ञांना हे ठाऊक होते आणि त्यांनी चित्रांसोबत तसे सांगितलेही होते. कालांतराने टीप गळून पडली, चित्र मात्र उरले.

मग येथे खोटे कोण बोलले? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. उत्तर शोधण्यापूर्वी ही चित्रे तयार कशी होतात ते पाहिले पाहिजे.

यानावरील कॅमेरा बहुधा रंगांधळा असतो. त्याच्यासमोर एकापाठोपाठ निरनिराळे फिल्टर येतात आणि प्रत्येक फिल्टरमधून एकेक काळे-पांढरे चित्र घेतले जाते. पृथ्वीवर पोचतात ते आकडे. कोणत्या बिंदूवर किती प्रकाश पडला, एवढेच सांगणारे. मग येथे बसलेला कोणी एक चित्र तांबड्याला, दुसरे हिरव्याला, तिसरे निळ्याला देतो आणि तिन्ही एकमेकांवर ठेवतो. राजा रविवर्म्याच्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी वेगळा शिळाछाप असे आणि सगळे शिळाछाप एकमेकांवर बरोबर बसले की लक्ष्मी प्रकट होई, तत्त्व तेच. फरक असा की लक्ष्मीच्या शालूचा रंग कोणता असावा हे चित्रकाराने आधीच ठरविलेले असे. येथे तो रंग शोधावा लागतो, आणि तोही अपुऱ्या साधनांनी. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्यांत तांबडा फिल्टरच नव्हता. मार्च १९७९ मध्ये गुरूच्या आयो या चंद्राची जी भडक चित्रे जगाने पाहिली, त्यांत तांबड्याची जागा नारिंगी फिल्टरने घेतलेली होती. पुढे अँड्र्यू यंग यांच्यासारख्या अभ्यासकांनी हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा आयो बराच फिका, पिवळसर निघाला.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पणजोबांचे एखादे रंगविलेले छायाचित्र असते. मूळ छायाचित्र काळे-पांढरे. पगडीला लाल आणि उपरण्याच्या काठाला जर रंगाऱ्याने दिलेली. ते पाहून पणजोबांची पगडी लालच होती अशी साक्ष देण्यास आपण धजणार नाही. तरीही ते चित्र खोटे आहे असे कोणी म्हटले तर आपल्याला राग येईल, आणि तो राग अनाठायी नसेल. चेहरा त्यांचाच आहे. ग्रहांच्या चित्रांबद्दल मात्र आपण इतके उदार नसतो, कारण तेथे आपण आठवण नव्हे, साक्ष मागत असतो.

खरा रंग म्हणजे काय, याचे सर्वसाधारण उत्तर असे की, माणूस तेथे उभा असता तर त्याला जो दिसला असता तो. हे उत्तर शुक्रावर नेऊन पाहावे. १ मार्च १९८२ रोजी सोव्हिएत संघाचे व्हेनेरा १३ हे यान तेथे उतरले आणि सुमारे साडेचारशे अंश उष्णतेत १२७ मिनिटे टिकले. त्याने पाठविलेल्या रंगीत चित्रांत चपट्या खडकांची जमीन नारिंगी दिसते. शुक्राच्या घनदाट वातावरणातून निळा प्रकाश जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाही. १९८६ मध्ये कार्ली पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वातावरणाचा हा परिणाम वजा केला, तेव्हा तेच खडक करडे दिसले.

येथे आपल्या दर्शनांतला जुना दृष्टान्त आठवल्यावाचून राहत नाही. स्फटिकाजवळ जास्वंदीचे फूल ठेवले की स्फटिक तांबडा भासतो. फूल ही उपाधी, ती दूर केली की स्फटिक आपल्या शुभ्र स्वरूपात दिसतो. शुक्राचे खडक हा स्फटिक आणि वातावरण ही जास्वंद. परंतु दृष्टान्तातील फूल उचलून बाजूला ठेवता येते. शुक्रावरचे फूल कोणीही उचललेले नाही. तेथे कोणत्याही डोळ्याला खडक करडे दिसणार नाहीत. मग करडा हा त्यांचा खरा रंग म्हणावा कसा? आणि नारिंगी हा खरा म्हणावा, तर तो खडकांचा की प्रकाशाचा? अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगून रूप हा केवळ डोळ्याने कळणारा गुण ठरविला. जेथे डोळाच जाऊ शकत नाही अशा ठिकाणच्या रूपाचे काय करावे, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता.

शिवाय आपला डोळाही तटस्थ साक्षीदार नाही. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात पांढरे धोतर पांढरेच दिसते, कारण मन उजेडाचा रंग वजा करून टाकते. मंगळावर तासभर उभा राहिलेला माणूस काय पाहील, हे म्हणूनच निश्चित सांगता येत नाही. क्युरिऑसिटी हे यान २०१२ मध्ये मंगळावर उतरले. त्याची चित्रे भूशास्त्रज्ञ कित्येकदा पृथ्वीच्या उजेडात असावीत तशी करून घेतात. खडक ओळखण्याची त्यांची नजर याच उजेडात तयार झालेली असते. हे कोणाला लबाडी वाटेल. मला ते भाषांतर वाटते. परभाषी प्रांतांत पिढ्या काढलेल्या आपल्यासारख्यांना भाषांतराची किंमत आणि त्यातली गळती, दोन्ही सांगावी लागत नाहीत.

उलट बाजूचे उदाहरण व्हायकिंग १ चे. २० जुलै १९७६ रोजी ते यान मंगळावर उतरले. दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या पहिल्या रंगीत चित्रात आकाश निळसर होते. हिशेब नीट तपासल्यावर ते गुलाबीसर निघाले. वातावरणात तरंगणाऱ्या लोहयुक्त धुळीचा तो परिणाम. ही दुरुस्ती जाहीर झाली तेव्हा जमलेल्या पत्रकारांनी खेळकरपणे नापसंतीचा गलका केल्याचे कार्ल सेगन यांनी लिहून ठेवले आहे. मला हा गलका फार बोलका वाटतो. निळ्या आकाशात कोणाची लबाडी नव्हती, होती ती सवय. आकाश म्हणजे निळे, हे इतके गृहीत होते की घाईने जुळविलेले चित्र तसे दिसताच ते बरोबर वाटले. यंत्राने खोटे सांगितले नाही. आपल्याला जे आवडते तेथे आपण तपासणे थांबविले.

आता नेपच्यूनकडे वळू. टीप लिहिली की जबाबदारी संपली, हे मला मान्य नाही. वर्तमानपत्र टीप कापणार हे चित्र देणाऱ्यालाही कळतेच. तरी रंगभेद वाढविणे गैर होते असेही म्हणवत नाही; तो न वाढविता ढग सामान्य वाचकाला दिसलेच नसते. दोष दुसरीकडे आहे. १९८६ मध्ये आलेली युरेनसची चित्रे खऱ्या रंगाच्या बरीच जवळ ठेवलेली होती. ती आणि नेपच्यूनची वाढविलेली चित्रे पुढे असंख्य पुस्तकांत शेजारी शेजारी छापली गेली. एकटे असताना कोणतेही चित्र खोटी साक्ष देत नव्हते. शेजारी येताच दोघांनी मिळून एक भेद सांगितला, जो एवढा नव्हताच. हे असत्य कोणा एकाने रचलेले नाही. उचलणाऱ्या प्रत्येक हाताने ते थोडे थोडे पुढे नेले. अशा असत्याचा दोष वाटून किती हलका होतो, हे मला ठरविता आलेले नाही. तो शून्य होत नाही एवढे नक्की.

२००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या जुळ्या गाड्यांवर रंग पारखण्यासाठी एक लहानशी सूर्यघटिका बसविलेली होती. तिच्या कोपऱ्यांत ठरलेल्या रंगांच्या चकत्या होत्या. काही चित्रांत तिच्यावरची निळी चकती गुलाबी दिसली आणि खरा मंगळ लपविला जातो आहे अशी आवई उठली. कारण साधे होते. तांबड्याच्या जागी डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा फिल्टर वापरलेला होता आणि निळ्या चकतीचे रंगद्रव्य तो प्रकाश भरपूर परतवीत होते. संशय घेणारे चुकले. पण चकती तेथे होती म्हणूनच त्यांना प्रश्न तरी विचारता आला, आणि उत्तरही तिच्याच आधारे देता आले.

पुढे त्या चकत्यांवरही मंगळाची तांबूस धूळ बसत गेली. मग आधी धुळीचा थर किती आहे याचा हिशेब करायचा, तो चकतीच्या रंगातून वजा करायचा आणि त्यानंतर भोवतालच्या जमिनीचा रंग ठरवायचा, असे काम वर्षानुवर्षे चालले. कधी वारा येऊन थोडी धूळ झाडून जाई आणि हिशेब नव्याने मांडावा लागे. जून २०१८ मधील धुळीच्या वादळानंतर ऑपॉर्च्युनिटीकडून काही संदेश आला नाही.